सदाशिव पेठेतल्या वाचनालयाचं ‘गॉथिक’ कपाट: दोन फळ्या खऱ्या, एक गोंधळाची

गॉथिक म्हणजे जुन्या वास्तूत घडणाऱ्या, भूतकाळाने झपाटलेल्या गोष्टी. या कपाटातल्या वरच्या दोन फळ्यांसाठी वर्गणी भरावी, इतकी निवड चांगली आहे. इंग्रज लेखक होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही कादंबरी आहे, आणि हवीच. १७६४ला ती जुन्या इटालियन पुस्तकाचा अनुवाद असल्याचं भासवून छापली होती. ‘अ गॉथिक स्टोरी’ हे शब्द १७६५च्या दुसऱ्या आवृत्तीत आले. किल्ला, घराण्याचं जुनं पाप, बळकावलेला वारसा हा सगळा साचा तिथलाच.

खालच्या फळीवर मात्र भूत दिसलं की गॉथिक, असा हिशोब आहे. गॉथिकमध्ये वास्तू हेच पात्र असतं आणि भूतकाळ मानगूट सोडत नाही. गोष्ट वाड्यातून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये हलवूनही काही बिघडलं नाही, तर ती नुसती भयकथा. ‘तुंबाड’ (२०१८) हा सिनेमा या कसोटीला पुरेपूर उतरतो: वाडा, पाऊस, पिढीजात हाव, एकही काढता येत नाही. बहुधा त्याच्यामुळेच पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ इथे आली असावी. थोर कादंबरी, पण फळी चुकली.

मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीच्या दोन प्रती एकाच नोंदीत आहेत, संहिता मात्र वेगळ्या. घरी नेण्याआधी प्रकरणं पाहा. सलग २४ असतील तर १८३१ची सुधारित. तीन खंड आणि प्रत्येकात आकडे पुन्हा १पासून, तर १८१८ची. ही १८१८चीच घ्या. तिच्यात एलिझाबेथ ही नायक व्हिक्टरची आतेबहीण आहे, सुधारितमध्ये सांभाळलेली अनाथ मुलगी. रक्ताच्या नात्याचा तो फास मूळ प्रतीतच आवळतो.