सगळं हिरवं, तरी ॲप उघडेना: प्रॉमिथियस आणि ग्राफाना तीन वर्षं वापरल्यावर

रात्री सव्वादोनला फोन आला. "ताई, लोक म्हणतायत ॲप उघडत नाही. पण इथे तर सगळं हिरवंच दिसतंय."

खरंच सगळं हिरवं होतं. आमच्या तेव्हाच्या मॉनिटरिंगवर सीपीयू २० टक्के, मेमरी निम्मी मोकळी, प्रत्येक सर्व्हर पिंगला उत्तर देत होता. ॲपचा हेल्थ चेकही (ॲप ठीक आहे ना हे विचारणारी आपोआप होणारी तपासणी) २०० म्हणजे 'ठीक आहे' असंच उत्तर पाठवत होता, कारण तो डेटाबेसला हातच लावत नव्हता. खरा प्रकार कळायला पहाटेचे पाच वाजले. दोन वाजता बॅकअप सुरू व्हायचा, डेटाबेसच्या मशीनची डिस्क त्यात अडकायची, क्वेरी रेंगाळायच्या आणि कनेक्शन पूलमधली, म्हणजे ॲपनं डेटाबेसशी बोलायला राखून ठेवलेली, सगळी कनेक्शनं धरून ठेवली जायची. नवी रिक्वेस्ट नुसती वाट बघत बसायची. काम पुढे सरकतच नव्हतं, म्हणून तर सीपीयू निवांत होता!

त्यानंतर आम्ही मशीन आणि ॲपचे आकडे गोळा करून साठवणारं प्रॉमिथियस बसवलं आणि आलेखांसाठी ग्राफाना. दोन्ही मुक्तस्रोत. प्रॉमिथियसची सुरुवात २०१२ साली साउंडक्लाउडमध्ये झाली आणि २०१६ मध्ये कुबरनेटिसच्या (कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीच्या) पाठोपाठ सीएनसीएफ या मुक्तस्रोत प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेत आलेला तो दुसरा प्रकल्प. उद्या कुणी गुंडाळून टाकेल अशी धास्ती वाटली नाही, हे आमच्या निर्णयात मोठं कारण होतं.

मला सगळ्यात जास्त आवडली ती त्याची साधी रीत. मशीननं किंवा ॲपनं आपले आकडे एका पानावर मांडून ठेवायचे आणि प्रॉमिथियसनं ठरावीक वेळानं येऊन ते उचलायचे. ते पान साध्या मजकुरात असतं. ब्राउझरमध्ये उघडलं की पूलमध्ये किती कनेक्शन वापरात आहेत, किती जण रांगेत आहेत, हे आपल्या डोळ्यांनी वाचता येतं. टीममधल्या नव्या मुलांना मी आधी तेच पान दाखवते, आलेख नंतर. शिवाय आकडे घ्यायला गेल्यावर समोरून उत्तर आलं नाही, तर त्या मशीनचा 'अप' हा आकडा आपोआप शून्य होतो.

आमच्या मुख्य डॅशबोर्डवर चारच आलेख आहेत, एकाखाली एक, एकाच वेळरेषेवर: रिक्वेस्टला लागणारा वेळ, एररचं प्रमाण, कनेक्शनसाठी थांबलेल्यांची संख्या आणि डेटाबेसच्या डिस्कचा प्रतिसाद. वर ॲप, खाली त्याला पेलणारं मशीन. पहिल्याच आठवड्यात दोनच्या ठोक्याला चारही रेषा पाठोपाठ चढताना दिसल्या. आधी डिस्क, मग रांग, मग वेळ, मग एरर. ज्यासाठी आम्ही पहाटेपर्यंत जागलो होतो ते इथे एका नजरेत होतं. बॅकअप रेप्लिकावर, म्हणजे डेटाबेसच्या दुसऱ्या प्रतीवर, हलवला आणि तो त्रास संपला.

वेळ मोजताना सरासरीवर विसंबू नका. शंभरातल्या दोघांना वीस सेकंद लागत असले तरी सरासरी सभ्यच दिसते. आम्ही पी ९९ बघतो, म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत उरकतात तो आकडा. पण त्यातही एक खाच आहे आणि ती आम्हाला उशिरा कळली. एकदा पी ९९ तासभर १० सेकंदांवर आखल्यासारखा सरळ होता. प्रॉमिथियस लागलेला वेळ हिस्टोग्राममध्ये, म्हणजे ठरलेल्या मर्यादांच्या कप्प्यांत (बकेटमध्ये), मोजतं. शेवटची बकेट आम्ही १० सेकंदांची ठेवली होती, त्यामुळे त्यापुढच्या सगळ्या रिक्वेस्ट तिथेच टेकल्यासारख्या दिसत होत्या. प्रत्यक्षात काहींना अर्धा मिनिट लागत होता. रेषा अशी सपाट दिसली, तर आधी बकेट तपासा.

प्रॉमिथियसचे इशारे आमच्यापर्यंत पोचवणाऱ्या अलर्टमॅनेजरनं आमची झोप परत दिली, हे मी मनापासून लिहिते. पूर्वी नेटवर्कचा एक स्विच गेला की त्याच्यामागच्या प्रत्येक मशीनचा वेगळा मेसेज यायचा. आता ते एकत्र येतात आणि स्विचचा अलर्ट चालू असेपर्यंत बाकीचे दबून राहतात. बिघाड पाच मिनिटं टिकल्याशिवाय वाजायचं नाही, अशी अटही प्रॉमिथियसच्या नियमात घालता येते. डिस्कसाठी '९० टक्के भरली' हा अलर्ट आम्ही काढूनच टाकला. गेल्या सहा तासांचा कल बघून पुढच्या चोवीस तासांत जागा संपेल का, हे प्रॉमक्यूएलमध्ये, म्हणजे प्रॉमिथियसला प्रश्न विचारायच्या भाषेत, एका ओळीत विचारता येतं. त्यामुळे हा अलर्ट बहुतेक वेळा दिवसाउजेडी येतो.

उणिवा आहेत. प्रॉमक्यूएल अंगवळणी पडायला मला दोन महिने लागले. आकडे मुळात १५ दिवसच ठेवले जातात. मुदत वाढवता येते, पण साठवण एकाच मशीनवर राहते. वर्षभराचा इतिहास हवा तर थॅनोससारखं दीर्घकाळ साठवणारं काहीतरी जोडावं लागतं आणि तो वेगळा संसार आहे. लॉग, म्हणजे ॲपनं लिहिलेल्या घडामोडींच्या नोंदी, यात नाहीत. आणि आकड्यांना ओळखीसाठी चिकटवायची लेबलं जपून लावा. आमच्यातल्या एकानं लेबलमध्ये युजर आयडी घातला. प्रत्येक युजरमागे आकड्यांची नवी मालिका (सिरीज) तयार होत गेली आणि संध्याकाळपर्यंत प्रॉमिथियसची मेमरी संपून तेच बंद पडलं.

ते बंद पडलेलं कळलं मात्र लगेच. बसवतानाच आम्ही एक असा अलर्ट ठेवला होता, जो सतत वाजत असतो आणि बाहेरच्या एका सेवेकडे जातो. तो पोचायचा थांबला की ती सेवा आम्हाला फोन करते. त्या संध्याकाळी सात मिनिटांत फोन आला. लेबल काढलं, प्रॉमिथियस पुन्हा सुरू केलं, आणि आलेखात तेवढीच एक मोकळी फट राहिली.