मायक्रा एव्ही: वायर नसलेला पेसमेकर कोणाला चालेल?

पूर्ण हार्ट ब्लॉकमध्ये हृदयाचे वरचे कप्पे आपल्या गतीने चालतात, खालचे वेगळ्याच, संथ गतीने. फक्त खालच्या कप्प्याला ठोका देणारा पेसमेकर जीव वाचवतो. पण वरचे कप्पे बंद झडपेवर आकुंचन पावले की मानेत धडधड, धाप, चक्कर चालूच. २०२० साली अमेरिकेत मंजूर झालेला, जेमतेम २ ग्रॅमचा मायक्रा एव्ही जांघेतल्या शिरेतून उजव्या खालच्या कप्प्यात बसवतात. वरच्या कप्प्याच्या आकुंचनाचा हादरा टिपून तो मागोमाग ठोका देतो. कल्पना झकासच! मात्र हृदयाची गती मिनिटाला शंभरी ओलांडू लागली की हादरे एकमेकांत मिसळतात, ताळमेळ सुटतो. वरच्या कप्प्याला तो ठोका देत नाही, त्यामुळे सायनस नोडच (वरच्या कप्प्यातला, हृदयाची मूळ गती ठरवणारा भाग) बिघडला असेल तर दोन्ही कप्प्यांना ठोका देणारा पेसमेकरच घ्यावा. बसवल्यावर रुग्णाला चालायला लावून सेटिंग जुळवून घ्या.