फाउंड्रीचे कपडे: जाड सुती की अ‍ॅरामिड?

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावातल्या फाउंड्रीसाठी कपडे शिवायची ऑर्डर आली की दोन ताके समोर येतात. एक ज्वालारोधक प्रक्रिया केलेलं जाड सुती, दुसरं नोमेक्ससारखं मेटा-अ‍ॅरामिड, म्हणजे उष्णता सोसणारं कृत्रिम तंतूंचं कापड. महाग ते चांगलं असं धरून लगेच कातर चालवू नका.

अ‍ॅरामिडचा ज्वालारोधक गुण तंतूतच असतो, धुऊन जात नाही. ते वितळत नाही. वजनाला हलकं, म्हणून तेल-वायूच्या कामात, जिथं आगीचा भडका उडू शकतो, तिथं मी तेच घेईन. पण वितळलेला धातू, खासकरून अ‍ॅल्युमिनिअम, त्याला चिकटून बसतो आणि आतल्या कातडीपर्यंत चटका पोचतो. जाड सुतीवरून लोखंडाचा रस बराचसा ओघळून जातो. लॅडल, म्हणजे रस ओतायचं भांडं, धरणाऱ्या माणसाला म्हणून मी सुतीच देईन.

सुतीची अडचण धुलाईत आहे. क्लोरीनच्या ब्लीचनं प्रक्रिया खराब होते. बोअरच्या जड पाण्यात साबण वापरला तर कापडावर बसणारा थरच पेट घेऊ शकतो, त्यामुळे साबणाऐवजी डिटर्जंट हवा. कपडे कामगाराच्या घरी धुतले जाणार असतील, तर हे घरच्यांनाही समजावून सांगा. सुती आटतं, तेव्हा बेतण्याआधी धुऊन घ्या.

शिलाईत मात्र दोन्हींना एकच नियम. पॉलिस्टरचा दोरा २६० अंशांच्या आसपास वितळतो. कापड शाबूत राहतं आणि शिवण उघडते. दोरा अ‍ॅरामिडचाच घ्या. खिशांना झाकण हवंच. पँटच्या मोहरीला बाहेरून दुमड नको, तिथं रस साठतो.

दुकानात चिंधी पेटवून पाहिली, तर ज्योत कळते, रस पडल्यावर काय होईल ते कळत नाही. आयएसओ ११६१२ या आग-उष्णतेपासून बचावाच्या कपड्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या प्रमाणपत्रात 'डी' हा अ‍ॅल्युमिनिअमसाठी, 'ई' लोखंडासाठी. या चाचणीत तिरक्या ताणलेल्या कापडावर खरा रस ओततात, खाली कातडीच्या जागी पीव्हीसीचा पातळ पापुद्रा असतो. २०० ग्रॅम वा जास्त लोखंडाचा रस पडूनही तो पापुद्रा शाबूत राहिला तरच 'ई३' मिळतं. नुसतं 'ए१' छापलेलं असेल तर ते फक्त ज्योतीपुरतं. ओतकामासाठी विक्रेत्याकडे 'ई' चा आकडा मागा, आणि चाचणी किती धुलाईनंतर केली तेही विचारा.