दादाला कुठे ठेवायचं? मेडिकल, मनोरुग्णालय, धंतोलीतलं नर्सिंग होम की व्यसनमुक्ती केंद्र

नागपुरात कुणाची दारू सोडवायची म्हटलं की पहिला सल्ला मिळतो वर्ध्याचा. ‘शेतावर नेऊन ठेवा, तिथं दारूबंदी आहे.’ वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, हे खरं. आम्हीही दादाला सेलूजवळ मामांच्या शेतावर नेऊन ठेवलं होतं. चौथ्या दिवशी त्याला दारू मिळाली. नागपूरपेक्षा महाग मिळाली, एवढाच फरक.

त्यानंतरच्या सहा वर्षांत त्याला चारदा दाखल केलं. एकदा सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार वॉर्डात, एकदा धंतोलीतल्या खासगी नर्सिंग होममध्ये आणि दोनदा वेगवेगळ्या व्यसनमुक्ती केंद्रांत. मानकापूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय मी मावशीच्या आजारपणामुळे आतून पाहिलं. मी डॉक्टर नाही. पण फॉर्मवर ‘नातेवाईक’ या रकान्यात एवढ्या वेळा सही केली आहे, की याच पेचात असलेल्याला चार गोष्टी सांगू शकेन. पहिली गोष्ट ही की आम्ही जागा निवडली ती स्वतःच्या थकव्यावरून, त्याच्या आजारावरून नाही. तिथेच चुकलो.

पहिला आठवडा शरीराचा

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जणांना भ्रम होतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यात जीवही जातो.

दादाची ती तिसरी रात्र होती, घरीच. रात्री दोन वाजता तो पलंगावर बसून चादरीवरून काहीतरी वेचत होता. एकेक चिमटीत धरायचा आणि खिडकीबाहेर टाकायचा. विचारलं तर म्हणाला, ‘मुंग्या आहेत बे, लाल. तुले दिसून नाही राहिल्या?’ चादर पांढरी होती. त्यावर काहीही नव्हतं.

त्यामुळे रोज पिणारा असेल, आधी कधी फिट आली असेल, कावीळ किंवा लिव्हरचा त्रास असेल, तर पहिले सात-आठ दिवस जिथे चोवीस तास डॉक्टर हजर असतो तिथेच काढा. मेडिकल आणि मेयो ही नागपुरातली दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, मिहानमधलं एम्स, किंवा रात्रपाळीला डॉक्टर असलेलं खासगी रुग्णालय. सेवाग्राम जवळ पडत असेल तर कस्तुरबा रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. या ठिकाणी लिव्हरच्या तपासण्या होतात, थायमिनची (बी-१ जीवनसत्त्वाची) इंजेक्शनं मिळतात, थरथर आवरणाऱ्या गोळ्या सुरू करून हळूहळू उतरवतात. लिव्हर खराब असेल तर गोळीही बदलावी लागते. केंद्रातला ‘सीनियर’ हे ठरवू शकत नाही, मग तो स्वतः पंधरा वर्षं सोबर का असेना.

ब्राऊन शुगरचं, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनचं, गणित वेगळं. ती तुटताना माणूस अक्षरशः तळमळतो, पण धोका जास्त असतो तो सुटून घरी आल्यावर. महिनाभर बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते आणि जुनाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो. अशांसाठी ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्यांचा उपचार असतो. ‘ही नशेवर नशाच की’ म्हणणाऱ्या नातेवाइकांकडे सरळ दुर्लक्ष करा.

गांजा किंवा खर्रा (आपल्याकडचं सुपारी-तंबाखूचं मिश्रण) सोडवण्यासाठी शरीराच्या कारणाने दाखल करायची वेळ सहसा येत नाही. गांजाने भास व्हायला लागले असतील तर मात्र दाखल करण्याचा विचार करावा लागतो.

सरकारी की खासगी

सरकारी वॉर्डात बहुतेक वेळा घरचं एक माणूस सोबत राहावं लागतं. हीच मोठी अडचण, कारण आमच्या घरात सुटी शिल्लक असलेलं कुणी नव्हतं. मी आठ रात्री जमिनीवर झोपून काढल्या, सकाळी तिथूनच ऑफिसला. पण त्या आठ दिवसांत डॉक्टर दादाला काय विचारतात, तो काय लपवतो, हे मी ऐकलं. तो रोज ‘दोन क्वार्टर’ सांगायचा, मी मागून चार बोटं दाखवायचो. खासगी नर्सिंग होममध्ये वेगळी खोली होती, टीव्ही होता, जेवण बरं होतं, आणि डॉक्टरांशी माझं बोलणं दिवसातून तीन मिनिटं व्हायचं. औषधांत मोठा फरक नव्हता. पैशांत होता.

समुपदेशन दोन्हीकडे कमीच पडलं. सरकारीत गर्दीमुळे, खासगीत मुक्काम पाच दिवसांचा म्हणून. दोघांनाही दोष देत नाही. ही ठिकाणं शरीर सावरायला आणि निदान करायला आहेत.

निदानावरून आठवलं. माणूस उदास आहे म्हणून पितो की पितो म्हणून उदास आहे, हे पिणं चालू असताना भल्याभल्यांना सांगता येत नाही. दारू बंद होऊन दोन ते चार आठवडे गेल्यावरही उदासी तशीच असेल, तर ते नैराश्य वेगळं धरून उपचार करावे लागतात. दादाच्या बाबतीत हे आम्हाला तिसऱ्या खेपेला कळलं, तेही एका डॉक्टरांनी बाबांच्या वर्षश्राद्धाची तारीख विचारली म्हणून. दर वर्षी घसरण त्याच सुमारास व्हायची.

कानात आवाज येत असतील, जीव द्यायची भाषा असेल, चार-चार रात्री न झोपता माणूस मोठमोठे बेत करत असेल, तर व्यसनमुक्ती केंद्राकडे वळूच नका, मग तो कितीही पीत असो. तिथे मानसोपचारतज्ज्ञच हवा.

‘पागलखाना’ म्हणायच्या आधी

मानकापूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ चं. राज्यातल्या अशा चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक. बाकीची ठाणे, येरवडा आणि रत्नागिरीला. आजही नागपुरात ‘मानकापूरला पाठवू का’ ही शिवीसारखी धमकी आहे. मावशीला तिथे नेताना आईने शेजाऱ्यांना सांगितलं, काटोलला लग्नाला जातोय.

मावशीला बायपोलर आहे. तिच्यासाठी ती जागा योग्य होती: मोठं आवार, महिलांचे वेगळे वॉर्ड, औषध नियमित, खर्च नाममात्र. तीव्र मानसिक आजार आहे, घरी सांभाळणं अशक्य झालंय, खासगी परवडत नाही, अशा वेळी मी नातेवाइकांना हाच पर्याय सांगतो. फक्त व्यसनच असलेल्या, बाकी भानावर असलेल्या माणसाला मी तिथे नेण्याआधी मेडिकलच्या ओपीडीत दाखवीन. भेटीच्या वेळा ठरलेल्या असतात आणि जीर्ण इमारत पाहून जीव थोडा बसतो, तेवढी तयारी ठेवा.

केंद्र

आता केंद्रांबद्दल जरा सविस्तर, कारण बहुतेक घरं शेवटी इथेच येतात.

पहिल्या केंद्राने ‘उचलून नेण्याची’ सोय दिली होती. पहाटे चार जण गाडीतून आले, दादाला झोपेतून उठवलं आणि नेलं. वहिनी दार लावून आत बसल्या होत्या. मला त्या दिवशी खरंच हलकं वाटलं, लपवत नाही. महिन्याचे १५ हजार ठरले, तीन महिन्यांचे आगाऊ. भेट दीड महिन्याने. रविवारी दहा मिनिटं फोन, तोही स्पीकरवर.

त्या फोनवर तो म्हणायचा, ‘मी इथे आनंदात आहे. जेवण उत्तम आहे. तुम्ही काळजी करू नका.’ आमचा दादा जन्मात कधी ‘उत्तम’ म्हणाला नाही. मला तो ‘अबे’ म्हणतो, ‘तुम्ही’ नाही. पाच रविवार ते पुस्तकी मराठी ऐकूनही आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. भेटायला गेलो तेव्हा त्याचं वजन नऊ किलो उतरलं होतं आणि पाठीवर वळ होते. तिथे डॉक्टर महिन्यातून एकदा येत असे. त्याच दिवशी घेऊन आलो. संध्याकाळी तो प्यायला, आणि मी काही बोललो नाही.

दुसरं केंद्र एका जुन्या संस्थेचं. दाखल करायच्या आधी त्यांनी दादाला एकट्याला बसवून विचारलं, राहायचंय का. तो ‘नाही’ म्हणाला तर त्यांनी आम्हाला परत पाठवलं. मी वैतागलो होतो. नऊ दिवसांनी तो स्वतः म्हणाला, ‘चाल, नेऊन सोड मले.’ तिथे दिवसाचं वेळापत्रक भिंतीवर होतं: व्यायाम, गटचर्चा, एकट्याचं समुपदेशन, प्यायची हुक्की आली तर काय करायचं याचा सराव. दर आठवड्याला घरच्यांची वेगळी बैठक. वहिनी तिथे पहिल्यांदा बोलल्या. मुक्काम महिनाभराचा.

नागपूरकर पुण्याच्या मुक्तांगणलाही जातात. १९८६ साली सुरू झालेलं ते केंद्र, ३५ दिवसांचा कार्यक्रम. ओळखीच्या गल्लीपासून दूर राहिल्याने काहींना फायदा होतो. उलट बाजू अशी, की घरच्यांच्या बैठकांना आणि नंतरच्या पाठपुराव्याला इतक्या लांब वारंवार जाणं होत नाही. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी व्यसनमुक्ती केंद्रंही असतात. तिथे पैसे लागत नाहीत, पण जागा मोजक्या.

चांगलं-वाईट ओळखायची माझी पद्धत: आगाऊ न कळवता दुपारी तीनला जायचं आणि झोपायची खोली, संडास दाखवा म्हणायचं. नोंदणीचा कागद मागायचा. रात्री फिट आली तर कुठल्या रुग्णालयात नेता, ते विचारायचं. पहिल्या केंद्राने मला फक्त ऑफिस दाखवलं होतं, गणपतीची मोठी तसबीर लावलेलं.

बळजबरी किती चालते

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ पासून. दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेले मानसिक आजारही त्याच्या व्याख्येत येतात. माणूस स्वतःहून दाखल झाला असेल तर तो घरी जायचं म्हणू शकतो. तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं. इच्छेविरुद्ध ठेवायचं तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांनी त्याला वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि तेही पहिल्यांदा ३० दिवसांपर्यंतच. साखळीने बांधणं, भूल न देता शॉक देणं याला बंदी आहे. पहाटेच्या गाडीतल्या त्या चौघांपैकी कुणीही तज्ज्ञ नव्हतं, हे मला हे सगळं वाचल्यावर सुचलं.

पैशांचं थोडक्यात. याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार इतर आजारांसारखाच धरावा लागतो. मात्र दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनावरचा उपचार बऱ्याच पॉलिसींत वगळलेला असतो. नैराश्याचं बिल मंजूर आणि व्यसनाचं नामंजूर, असं होऊ शकतं. दाखल करण्याआधी कागद नीट वाचा.

आज परत निवडायचं झालं तर मी आठ दिवस मेडिकल, मग माणूस तयार असेल तर त्या दुसऱ्या केंद्रासारखा एक महिना, आणि दोन्हींच्या आधीपासून नंतरच्या वर्षभराची ओपीडी ठरवून ठेवीन. तयार नसेल तर निदान ओपीडी सोडणार नाही. कुठे जावं हेच कळत नसेल तर १४४१६ वर टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हाही क्रमांक आहे.

दादाला आता दीड वर्ष होईल. मंगळवारी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जातो. सकाळी डायसल्फिरामची गोळी घेतो, वहिनींच्या समोर, स्वतःच्या मर्जीने. ही गोळी चालू असताना दारू प्यायली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून डॉक्टरांनी त्याला सगळं समजावून, लिव्हर तपासूनच सुरू केली. आमच्या ओळखीत एकीने ती नवऱ्याच्या डाळीत कालवली होती. असलं कधीही करू नका. पाकीट संपायला चार दिवस उरले की दादाचाच फोन येतो, ‘अबे, गोळ्या आणून ठेव.’ आणि मागून प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घासल्याचा आवाज येत असतो. तो अजून सुटलेला नाही.