कॉकर स्पॅनियलसाठी ग्रूमिंग केंद्र : कोथरूडमधील अनुभव

कोथरूडमधील ज्या ग्रूमिंग केंद्रात आम्ही आमच्या कॉकर स्पॅनियल जातीच्या कुत्रीला नेतो, तेथे तिला टेबलावर घेताच आधी कान उलटून पाहतात आणि त्यांचा वास घेतात. या जातीसाठी ग्रूमर निवडताना माझ्या मते एवढी एक सवय पाहिली तरी पुरे. स्पॅनियलचे कान लांब, जड आणि केसाळ असतात. शिवाय कुत्र्याची कर्णनलिका आधी खाली उतरून मग जवळजवळ काटकोनात आत वळत असल्याने तिच्यात शिरलेले पाणी सहजासहजी बाहेर येत नाही. पावसाळ्यात ही ओल टिकली की यीस्टचा (एक प्रकारच्या बुरशीचा) संसर्ग बळावतो, आंबूस वास येतो आणि कुत्रे सारखे डोके झटकू लागते.

येथे आंघोळीपूर्वी कानांत कापसाचे बोळे बसवतात, नंतर कानाच्या पाळीच्या आतील केस मशीनने बारीक करतात आणि कान साफ करण्याचे द्रावण सोडून कानाच्या मुळाशी हलके चोळतात. कापसाची काडी आत घालत नाहीत, कारण तिने मळ आणखी खोल ढकलला जातो. गेल्या खेपेस डाव्या कानात तपकिरी, चिकट मळ दिसताच त्यांनी त्याला हात लावला नाही. पशुवैद्यांना तो जसाच्या तसा दिसावा, म्हणून आम्हाला थेट दवाखान्यात धाडले.

उन्हाळा आला की अंगावरचे केस सरसकट उतरवण्याचा आग्रह धरणारे मालक पुष्कळ असतात. येथे त्यास सौम्य शब्दांत नकार मिळतो, कारण मशीन फिरवल्यावर स्पॅनियलच्या पाठीचे रेशमी केस अनेकदा लोकरीसारखे आणि गुंतणारे उगवतात. पाठ नुसती विंचरतात, पायांवरील लांब केसांची झालर कात्रीने आखूड करतात, आणि काखेत व कानांमागे जटा होऊ नयेत म्हणून घरी स्टीलचा कंगवा कसा चालवावा, हेही मालकाच्या हातून करवून घेतात.

उणिवाही आहेत. रविवारी वेळ ठरवूनही बराच वेळ ताटकळावे लागते, नखे कापण्यासह 1,500 रुपये हा दर स्वस्त नव्हे, आणि शेवटी मारला जाणारा सुगंधी फवारा नको असल्यास तसे आधीच बजावावे लागते (तो वास कुत्र्याला आवडतो, असे कोणी ठरवले कोण जाणे). शक्य असल्यास आठवड्यातील कामाच्या दिवशी सकाळची वेळ घ्यावी. तेव्हा गर्दी नसते आणि ब्लोअरच्या मोठ्या आवाजाऐवजी कमी वेगावर कान नीट कोरडे करण्याइतकी सवड त्यांना मिळते.