शाळांवरच्या हल्ल्यांच्या नोंदीसाठी कोबोटूलबॉक्स: काम चोख, पण किल्ली जपा

युद्धग्रस्त भागात शाळांवरचे हल्ले नोंदवायला कोबोटूलबॉक्स हे फॉर्म बनवून माहिती गोळा करायचं साधन बहुतेक पथकांना पुरतं. त्याचं अँड्रॉइडवरचं अ‍ॅप, कोबोकलेक्ट, नेटशिवाय चालतं. रेंज आली की नोंदी पाठवायच्या.

फॉर्म मात्र डोकं लावून बांधा. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठराव १६१२ (२००५) मधून उभ्या राहिलेल्या देखरेख यंत्रणेत शाळेवरचा हल्ला आणि शाळेचा लष्करी वापर वेगळे धरतात. दोन्ही एकाच प्रश्नात कोंबले तर नंतर निस्तरणं कठीण. घटनेची आणि नोंदीची तारीखही वेगळी हवी, नाहीतर दोघांनी कळवलेली एकच घटना दोनदा मोजली जाते. जीपीएसची अचूकता मीटरमध्ये दिसते. घाईत सेव्ह केलं की शाळा भलत्याच गल्लीत! मुलांची नावं नकोतच, सांकेतिक क्रमांक पुरे.

खरी गोम एन्क्रिप्शनची, म्हणजे नोंदी इतरांना वाचता येऊ नयेत म्हणून कुलूपबंद करण्याची. ते आपोआप होत नाही, फॉर्ममध्ये सार्वजनिक किल्ली (कुलूप लावणारा कोड) घालावी लागते. कुलूप उघडणारी खासगी किल्ली हरवली की डेटा गेलाच. शिवाय अशा नोंदी वेबवर वाचता येत नाहीत, उतरवून उघडाव्या लागतात. आणि अर्धवट मसुदा फोनमध्ये उघडाच राहतो. नाक्यावर झडती होणार असेल तर फॉर्म आधीच पूर्ण करून टाका.