“मॅडम, तेच ना?”

25,051 रुपये गेलेत, आता लाज धरून काय करू?

मी जालन्याच्या मोंढ्यात आडतीवर हिशेब बघतो. सोयाबीनच्या पट्टीत हमाली-तोलाईचे चार रुपये इकडचे तिकडे झाले तरी मला लगेच दिसतात. हे आधीच सांगतो, म्हणजे ‘येडाच असेल’ असं कुणी म्हणायला नको. डेटिंग अ‍ॅपवर ओळख, दोन आठवडे गोड बोलणं, मग “संभाजीनगरला ये, जागा मी सांगते.” पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मलाही होतं. पोरगी ठरलेल्या बारमध्ये बोलावते आणि बारवाले भरमसाट बिल फाडतात, असल्या दिल्ली-मुंबईच्या बातम्या मीही वाचल्या होत्या. पण आपल्या इथं?

जागा मात्र झकास होती, खोटं कशाला बोलू. मंद दिवे, तांब्याचे पेले, बारवाला रोजमेरीची काडी जाळून धूर ग्लासात कोंडत होता. ती म्हणाली, “मीही इथं पहिल्यांदाच येतेय.” तेवढ्यात वेटरनं कार्ड माझ्यापुढं ठेवलं आणि तिला विचारलं, “मॅडम, तेच ना?”

तेच! पहिल्यांदा आलेल्या बाईचं ‘तेच’ कुठलं? मी हे ऐकलं, चांगलं ऐकलं, आणि शर्टाची कॉलर सारखी करत बसलो. तिच्या ग्लासाला दारूचा वाससुद्धा नव्हता. कोकमासारखं लाल पाणी, दोन घोटांत संपायचं की दुसरा ग्लास हजर. ‘स्पेशल’ कार्डावर भावच नव्हते. बाईमाणसासमोर भाव कसा विचारायचा? विचारायचा, भाऊ. तोंड उघडून विचारायचा.

सव्वानऊला तिला बहिणीचा फोन आला आणि ती गेली ती गेलीच. बिल आलं: कॉकटेल 5, दर 2,450, शॉट 4, दर 1,350, फळांची प्लेट 1,650. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज 1,930, आणि सगळ्यावर मिळून 18 टक्के जीएसटी. पिण्याच्या दारूवर जीएसटी लागतच नाही, व्हॅट लागतो. आणि सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही, हे केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणानं 2022 मध्येच सांगितलंय. हे सगळं मला येतं! पण दोन बाउन्सर खुर्चीला टेकून उभे असले की येत असलेलं आठवत नाही. 15,000 यूपीआयनं, 10,051 कार्डानं दिले. क्यूआरवर बारचं नाव नव्हतं, कुण्या माणसाचं होतं. तेव्हाच स्क्रीनशॉट घ्यायला हवा होता. तुम्ही पैसे द्यायच्या आधी टेबलावरूनच 112 लावा.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “किती प्यायलात?” दुसरा, “परमिट होतं का?” 1949 च्या कायद्यानं आपल्याकडं प्यायला परमिट लागतं, ते खिशात घेऊन कोण फिरतो? माझा आवाजच बसला. मग म्हणाले, हद्द आमची नाही. दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, हद्द त्यांचीच. हद्द कुणाचीही असो, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. तेव्हा लेखीच द्या आणि हटू नका. एका हेल्पलाइनवरची बाई म्हणाली, “पिन तुम्हीच टाकलात ना?” दुसऱ्या हेल्पलाइनचा पंधरा दिवसांनी मेसेज आला: तक्रार निकाली. कुणी काढली, काय निकाल लागला, पत्ता नाही. बँक म्हणते आधी एफआयआर आणा. ठाणेदार म्हणतात आधी बँकेचं पत्र आणा.

तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पण पोच दिली नाही. मोंढ्यात रिकाम्या बारदान्याचीसुद्धा पावती मिळते.